बाय-ॲम्पिंग आणि स्पीकरचा संरोध

बाय-ॲम्पिंग म्हणजे एकाच स्पीकर-पेटीतील खर्ज स्वरांचा भाग (वूफर) आणि उंच स्वरांचा भाग (ट्विटर) दोन स्वतंत्र ॲम्प्लिफायरांनी, किंवा ॲम्प्लिफायरच्या दोन स्वतंत्र चॅनेलांनी, चालवण्याची पद्धत होय. घरगुती स्टिरिओ संचात या पद्धतीचा अवलंब केल्यास ॲम्प्लिफायरला जाणवणारा स्पीकरचा संरोध (इम्पिडन्स) बदलतो. हा बदल कोणत्या वारंवारतेला होतो आणि कोणत्या वारंवारतेला होत नाही, हे या लेखात स्पष्ट केले आहे.

बाय-ॲम्पिंगमुळे स्पीकरचा संरोध दुप्पट होतो, निम्मा होतो किंवा ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट होते, असे समज प्रचलित आहेत. प्रत्यक्षात प्रत्येक ॲम्प्लिफायरला त्याच्या वाट्याच्या स्वरपट्ट्यात जवळजवळ पूर्वीइतकाच संरोध जाणवतो. वाट्याबाहेरच्या पट्ट्यात मात्र संरोध फार मोठा होतो आणि तेथे विद्युतधारा जवळजवळ वाहत नाही. भार हलका होण्यापेक्षा तो दोघांत वाटला जातो, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरते.

संरोध म्हणजे काय

एकाच दिशेने वाहणाऱ्या विद्युतधारेला वाहक जो विरोध करतो त्याला रोध म्हणतात. रोध, विभवांतर आणि विद्युतधारा यांचा संबंध जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यांच्याच नावावरून रोधाच्या एककाला ओहम हे नाव मिळाले. संगीताचा विद्युत संकेत मात्र सतत दिशा बदलणारा, म्हणजे प्रत्यावर्ती असतो. अशा धारेला तारेचे वेटोळे (कॉइल) आणि धारित्र (कपॅसिटर) हेही विरोध करतात व तो विरोध वारंवारतेनुसार बदलतो. वारंवारता वाढली की कॉइलचा विरोध वाढतो आणि कपॅसिटरचा कमी होतो. रोध आणि हा बदलता विरोध यांच्या एकत्रित परिणामाला संरोध म्हणतात. इम्पिडन्स ही इंग्रजी संज्ञा ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८६ मध्ये रूढ केली. संरोधही ओहममध्येच मोजतात.

कॉइल किंवा कपॅसिटर असलेल्या मंडलात विभवांतराची लाट आणि विद्युतधारेची लाट एकाच क्षणी शिखरावर पोहोचत नाहीत. एक पुढे, दुसरी मागे राहते. या अंतराला कलांतर म्हणतात आणि ते अंशांत मोजतात. ॲम्प्लिफायरवर पडणारा ताण ठरवताना संरोधाच्या आकड्याइतकेच कलांतरही महत्त्वाचे असते.

स्पीकरचा घोषित संरोध

स्पीकरच्या मागे ४, ६ किंवा ८ ओहम असा एकच आकडा छापलेला असतो. हा घोषित संरोध होय. प्रत्यक्षात स्पीकरचा संरोध प्रत्येक वारंवारतेला वेगळा असतो. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या ६०२६८-५ या मानकानुसार स्पीकरच्या कार्यपट्ट्यात संरोध घोषित आकड्याच्या ८० टक्क्यांहून खाली जाता कामा नये. म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरचा किमान संरोध ६.४ ओहम आणि ४ ओहमच्या स्पीकरचा ३.२ ओहम असावा. बाजारातील सर्वच उत्पादने ही मर्यादा पाळतात असे नाही.

आजचे बहुतेक घरगुती स्पीकर चल-कॉइल प्रकारचे आहेत. या प्रकारच्या आधुनिक स्पीकरची रचना चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडली. चुंबकाच्या फटीत हलणारी कॉइल कागदी किंवा प्लॅस्टिकच्या शंकूला जोडलेली असते. शंकू ज्या वारंवारतेला सहज थरथरतो, त्या अनुनाद-वारंवारतेला संरोध एकदम उंचावतो. ८ ओहमच्या वूफरमध्ये तो २० ते ३० ओहम किंवा त्याहूनही अधिक होऊ शकतो. त्याच्या पुढे, सामान्यतः काहीशे हर्ट्झच्या आसपास, संरोध किमान पातळीवर येतो आणि नंतर कॉइलच्या गुणधर्मामुळे हळूहळू पुन्हा वाढत जातो.

ॲम्प्लिफायरवरील भार

ॲम्प्लिफायर स्पीकरला विभवांतर पुरवतो. विद्युतधारा किती वाहायची हे स्पीकरचा संरोध ठरवतो. २० व्होल्ट विभवांतराला ८ ओहमच्या भारातून २.५ ॲम्पिअर धारा वाहते आणि ५० वॅट शक्ती खर्च होते. त्याच २० व्होल्टला ४ ओहमच्या भारातून ५ ॲम्पिअर धारा वाहते आणि शक्ती १०० वॅट होते. संरोधाचा आकडा जितका लहान, तितका ॲम्प्लिफायरवरील भार जड.

भार जड झाला की ॲम्प्लिफायरचे ट्रान्झिस्टर अधिक तापतात, वीजपुरवठ्याच्या ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो आणि मर्यादा ओलांडल्यास संरक्षक मंडल आवाज तोडते, फ्यूज जातो किंवा ट्रान्झिस्टर निकामी होतात. कलांतर मोठे असेल तर स्थिती आणखी बिकट होते. अशा वेळी ट्रान्झिस्टरवर विभवांतर जास्त असतानाच मोठी धारा वाहते आणि स्पीकरला मिळणाऱ्या शक्तीच्या मानाने उष्णता अधिक निर्माण होते. ‘किमान ८ ओहम’ अशी सूचना असलेल्या जुन्या ॲम्प्लिफायरला ४ ओहमचे स्पीकर जोडू नयेत, असे सांगितले जाते ते यामुळेच.

क्रॉसओव्हर आणि त्याच्या दोन शाखा

एकच शंकू सर्व स्वर सारख्या गुणवत्तेने निर्माण करू शकत नाही. म्हणून दुपदरी स्पीकरमध्ये खर्ज व मध्य स्वरांसाठी वूफर आणि उंच स्वरांसाठी ट्विटर असतो. संकेताची विभागणी करणाऱ्या मंडलाला क्रॉसओव्हर म्हणतात. त्याची खर्ज शाखा कॉइलच्या साहाय्याने उंच स्वर अडवते. उंच स्वरांची शाखा कपॅसिटरच्या साहाय्याने खर्ज स्वर अडवते. ज्या वारंवारतेला दोन्ही शाखा कामाचा समान वाटा उचलतात, तिला छेद-वारंवारता म्हणतात.

नेहमीच्या स्पीकरमध्ये या दोन शाखा आतून समांतर जोडलेल्या असतात आणि मागे जोडणीचे दोनच खुंट असतात. बाय-ॲम्पिंगची सोय असलेल्या स्पीकरला मागे चार खुंट असतात: दोन खर्ज शाखेचे आणि दोन उंच शाखेचे. विक्रीच्या वेळी लाल खुंट लाल खुंटाशी आणि काळा काळ्याशी धातूच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. पट्ट्या बसवलेल्या असताना हा स्पीकर दोन खुंटांच्या नेहमीच्या स्पीकरसारखाच असतो.

पद्धतीचे प्रकार

बाय-वायरिंग: पट्ट्या काढून एकाच ॲम्प्लिफायरपासून दोन जोड तारा दोन शाखांना नेतात. दोन्ही तारा ॲम्प्लिफायरच्या टोकाला पुन्हा एकत्र येत असल्याने त्याला संपूर्ण स्पीकरचाच संरोध जाणवतो. फरक पडतो तो फक्त तारेच्या रोधाचा. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या ५ मीटर लांब जोडतारेचा जाता-येता रोध सुमारे ०.१७ ओहम असतो. ८ ओहमच्या तुलनेत तो अल्प आहे.

अक्रिय बाय-ॲम्पिंग: पट्ट्या काढून प्रत्येक शाखेला स्वतंत्र ॲम्प्लिफायर जोडतात. स्पीकरमधील मूळ क्रॉसओव्हर तसाच राहतो. दोन्ही ॲम्प्लिफायरांना संपूर्ण स्वरपट्ट्याचा एकच संकेत दिला जातो. घरगुती वापरात बाय-ॲम्पिंग म्हणतात ते बहुधा हेच.

सक्रिय बाय-ॲम्पिंग: संकेताची विभागणी ॲम्प्लिफायरच्या आधीच, इलेक्ट्रॉनिक क्रॉसओव्हरमध्ये होते. एका ॲम्प्लिफायरकडे फक्त खर्ज आणि दुसऱ्याकडे फक्त उंच स्वर जातात. स्पीकरमधील अक्रिय क्रॉसओव्हर काढून ॲम्प्लिफायर थेट वूफरला व ट्विटरला जोडतात. या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या क्रॉसओव्हरचा एक प्रसिद्ध प्रकार सिगफ्रीड लिंकविट्झ यांनी १९७६ मध्ये मांडला. त्यांचे सहकारी रस रायली यांच्या नावासह तो लिंकविट्झ-रायली क्रॉसओव्हर म्हणून ओळखला जातो.

अक्रिय बाय-ॲम्पिंगमध्ये संरोध कसा बदलतो

हा बदल समजण्यासाठी सर्वांत सोपा क्रॉसओव्हर घेता येतो. वूफर व ट्विटर प्रत्येकी ८ ओहमचे शुद्ध रोध आहेत असे मानू. वूफरशी एकसर जोडणीत ०.६४ मिलिहेन्रीची कॉइल आणि ट्विटरशी एकसर जोडणीत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. या मूल्यांनुसार छेद-वारंवारता सुमारे २००० हर्ट्झ येते. निरनिराळ्या वारंवारतांना संरोध असा असतो:

| वारंवारता (हर्ट्झ) | पट्ट्यांसह संपूर्ण स्पीकर (ओहम) | फक्त खर्ज शाखा (ओहम) | फक्त उंच शाखा (ओहम) |
|---|---|---|---|
| २०० | ८ | ८.०४ | ८०.४ |
| ५०० | ८ | ८.२५ | ३३.० |
| २,००० | ८ | ११.३ | ११.३ |
| ८,००० | ८ | ३३.० | ८.२५ |
| २०,००० | ८ | ८०.४ | ८.०४ |

या तक्त्यातून तीन गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली, शाखेच्या स्वतःच्या पट्ट्यात संरोध बदलत नाही. २०० हर्ट्झला संपूर्ण स्पीकरचा संरोध ८ ओहम होता; पट्ट्या काढल्यावर खर्ज शाखेचा ८.०४ ओहम राहिला. २० व्होल्टला पूर्वी २.५० ॲम्पिअर धारा वाहत होती, आता २.४९ ॲम्पिअर वाहते. संगीतातील बहुतांश शक्ती खर्ज व मध्य स्वरांत असल्याने खर्ज ॲम्प्लिफायरचे काम जवळजवळ पूर्वीइतकेच जड राहते.

दुसरी, शाखेच्या पट्ट्याबाहेर संरोध झपाट्याने वाढतो. उंच शाखेच्या ॲम्प्लिफायरला २०० हर्ट्झला ८० ओहम जाणवतात. २० व्होल्टला तेथे पाव ॲम्पिअरच धारा वाहते. या ॲम्प्लिफायरवरील भार खरोखर हलका होतो.

तिसरी, छेद-वारंवारतेजवळ भाराचे स्वरूप बदलते. एकत्र असताना कॉइलची शाखा धारेला मागे आणि कपॅसिटरची शाखा पुढे नेत असल्याने दोघांचे परिणाम एकमेकांना छेदतात आणि एकूण भार कलांतराविना ८ ओहम दिसतो. शाखा वेगळ्या केल्यावर प्रत्येक ॲम्प्लिफायरला ११.३ ओहम जाणवतात, परंतु ४५ अंशांच्या कलांतरासह. २० व्होल्टला प्रत्येकातून १.७७ ॲम्पिअर धारा वाहते व प्रत्येक शाखेला २५ वॅट मिळतात. एकूण शक्ती ५० वॅट, म्हणजे पूर्वीइतकीच राहते.

छेद-वारंवारतेला संरोध नेहमी वाढतोच असेही नाही. प्रत्येक शाखेत एक कॉइल व एक कपॅसिटर असलेल्या, दुसऱ्या कोटीच्या लिंकविट्झ-रायली प्रकारच्या अक्रिय क्रॉसओव्हरमध्ये ८ ओहमचे रोध धरल्यास छेद-वारंवारतेला संपूर्ण स्पीकरचा संरोध १६ ओहम येतो, तर वेगळ्या केलेल्या प्रत्येक शाखेचा सुमारे १४.३ ओहम येतो आणि कलांतर सुमारे ६३ अंशांचे असते. येथे पट्ट्या काढल्याने संरोधाचा आकडा किंचित घटतो. म्हणजे बदलाची दिशा क्रॉसओव्हरच्या रचनेवर अवलंबून असते.

किमान संरोधाचे स्थान

बाय-ॲम्पिंगने अवघड स्पीकर सोपा होईल की नाही, हे त्याचा किमान संरोध कोठे आहे यावरून ठरते. दोन शाखांचे पट्टे जेथे एकमेकांवर चढतात तेथे समांतर जोडणीमुळे संरोध खाली आला असेल, तर शाखा वेगळ्या केल्यावर ती घट नाहीशी होऊ शकते. परंतु किमान संरोध खुद्द वूफरच्या पट्ट्यात असेल, उदाहरणार्थ दोन वूफर समांतर जोडल्यामुळे, तर तो जसाच्या तसा खर्ज ॲम्प्लिफायरच्या वाट्याला येतो. खर्जात ३ ओहमपर्यंत उतरणारा स्पीकर बाय-ॲम्पिंगनंतरही ३ ओहमपर्यंतच उतरतो. जो ॲम्प्लिफायर असा भार पेलत नाही, त्याला जोडीला दुसरा ॲम्प्लिफायर दिल्याने तो पेलू लागत नाही.

शक्ती आणि विभवांतराची मर्यादा

प्रत्येक ॲम्प्लिफायर ठराविक विभवांतरापर्यंतच संकेत निर्दोष वाढवू शकतो. त्यापुढे लाटेची शिखरे कापली जातात आणि आवाज फाटतो. समजा, एखाद्या क्षणी खर्ज स्वराचे शिखर २० व्होल्टचे आणि उंच स्वराचे १० व्होल्टचे आहे. दोन्ही शिखरे एकत्र आली तर ॲम्प्लिफायरला ३० व्होल्टपर्यंत जावे लागते. ८ ओहमच्या भारावर याचा अर्थ सुमारे ५६ वॅट क्षमतेचा ॲम्प्लिफायर हवा.

अक्रिय बाय-ॲम्पिंगमध्ये दोन्ही ॲम्प्लिफायरांना संपूर्ण संकेत मिळत असल्याने दोघांनाही ३० व्होल्टच निर्माण करावे लागतात, मग त्यातील निम्मा पट्टा शाखेने अडवला तरी. म्हणून आवाज फाटण्याची मर्यादा फारशी पुढे सरकत नाही. सक्रिय बाय-ॲम्पिंगमध्ये मात्र खर्ज ॲम्प्लिफायरला २० व्होल्ट, म्हणजे २५ वॅट, आणि उंच स्वरांच्या ॲम्प्लिफायरला १० व्होल्ट, म्हणजे सुमारे ६ वॅट पुरतात. एकूण ३१ वॅटमध्ये ५६ वॅटचे काम होते.

अक्रिय पद्धतीचे लाभ मर्यादित, पण खरे आहेत. दोन ॲम्प्लिफायरांचे वीजपुरवठे वेगळे असतील तर खर्जाच्या मोठ्या ठोक्याने एका पुरवठ्याचे विभवांतर खचले तरी उंच स्वरांच्या ॲम्प्लिफायरवर त्याचा परिणाम होत नाही. एकूण धारा दोघांत वाटली जात असल्याने काही उष्णताही विभागली जाते.

सक्रिय पद्धतीत जाणवणारा भार

अक्रिय क्रॉसओव्हर काढल्यावर खर्ज ॲम्प्लिफायरला वूफरचा स्वाभाविक संरोध थेट जाणवतो: अनुनादाचे शिखर, त्यानंतरची किमान पातळी आणि पुढची हळूहळू वाढ. क्रॉसओव्हरमधील कॉइल-कपॅसिटरांमुळे येणारे चढउतार राहत नाहीत. कॉइलच्या तारेचा रोधही मध्ये न आल्याने ॲम्प्लिफायरला शंकूच्या हालचालीवर अधिक घट्ट ताबा ठेवता येतो.

या पद्धतीत ट्विटरला संरक्षण देणारा कपॅसिटर उरत नाही. ॲम्प्लिफायर चालू-बंद करताना होणारा ठोका किंवा त्यातील बिघाडामुळे बाहेर पडणारा एकदिश विद्युतप्रवाह ट्विटरची बारीक कॉइल क्षणात जाळू शकतो. म्हणून अनेकदा ट्विटरशी एकसर जोडणीत मोठा कपॅसिटर मुद्दाम ठेवतात. त्याचे मूल्य पुरेसे मोठे असल्यास ट्विटरच्या कार्यपट्ट्यातील संरोधावर नगण्य परिणाम होतो.

पट्ट्या न काढण्याचा धोका

बाय-ॲम्पिंगमधील सर्वांत गंभीर चूक म्हणजे खुंटांमधील पट्ट्या तशाच ठेवून दोन ॲम्प्लिफायर जोडणे. असे केल्यास दोन्ही ॲम्प्लिफायरांची निर्गम टोके एकमेकांना थेट जोडली जातात. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा निर्गम संरोध फार लहान असतो. तो प्रत्येकी ०.१ ओहम मानला आणि दोघांच्या विभवांतरांत केवळ २ व्होल्टचा फरक पडला, तर त्यांच्यामध्ये १० ॲम्पिअर धारा वाहू लागते. ही धारा स्पीकरमधून जातच नाही. एक ॲम्प्लिफायर चालू असून त्याचा आवाज शून्यावर असेल आणि दुसरा १० व्होल्ट देत असेल, तर दुसऱ्याला जवळजवळ लघुपरिपथ (शॉर्ट सर्किट) जाणवतो. गणिताने येणारी ५० ॲम्पिअर धारा कोणताही घरगुती ॲम्प्लिफायर देऊ शकत नाही. संरक्षक मंडल वेळीच कार्यान्वित न झाल्यास ट्रान्झिस्टर जळतात.

त्यामुळे लाल आणि काळी अशा दोन्ही पट्ट्या काढणे, ती खात्री झाल्यावरच तारा जोडणे आणि जोडणी करताना दोन्ही ॲम्प्लिफायर बंद ठेवणे हे आवश्यक नियम मानले जातात.

मल्टिमीटरने तपासणी

साधा मल्टिमीटर एकदिश धारेचा रोध मोजतो, संरोध नव्हे. ८ ओहमच्या वूफरचा रोध त्यावर साधारण ६ ओहमच्या आसपास दिसतो. यावरून स्पीकर सदोष किंवा ६ ओहमचा आहे असे समजू नये. पट्ट्या काढल्यावर उंच शाखेच्या खुंटांमध्ये मल्टिमीटर बहुधा खंडित परिपथ दाखवतो. ट्विटरच्या वाटेत एकसर जोडलेला कपॅसिटर एकदिश धारा अडवत असल्याने असे होते; ट्विटर जळाल्याचे ते लक्षण नव्हे. दोन लाल खुंटांमध्येही परिपथ खंडित दिसायला हवा. तेथे शून्याच्या जवळचा रोध दिसल्यास एखादी पट्टी अजून जोडलेली आहे, किंवा शाखा आतून एकत्र आहेत, आणि अशा स्पीकरला दोन ॲम्प्लिफायर जोडू नयेत.

वूफरची कॉइल तुटलेली असताना शाखा चालवणेही अहितकारक असते. दुसऱ्या कोटीच्या क्रॉसओव्हरमध्ये वूफरचा रोध नाहीसा झाला की उरलेली कॉइल व कपॅसिटर एकसर जोडणीत येतात आणि त्यांच्या अनुनाद-वारंवारतेला संरोध अतिशय खाली जातो. स्पीकर मुका असूनही ॲम्प्लिफायरवर भार पडत राहतो.

ॲम्प्लिफायर-निवडीतील मुद्दे

दोन वेगवेगळे ॲम्प्लिफायर वापरायचे असल्यास त्यांची विवर्धन-मात्रा सारखी असावी. एकाची मात्रा २६ डेसिबल (विभवांतर २० पट) आणि दुसऱ्याची २९ डेसिबल (सुमारे २८ पट) असेल तर खर्ज व उंच स्वरांचा तोल ३ डेसिबलने बिघडतो. दोन समान स्टिरिओ ॲम्प्लिफायर असतील तर एक डाव्या व दुसरा उजव्या स्पीकरला देता येतो. किंवा एकाने दोन्ही स्पीकरचे खर्ज आणि दुसऱ्याने दोन्हींचे उंच स्वर चालवता येतात. पहिल्या मांडणीत प्रत्येक ॲम्प्लिफायरवर एक जड आणि एक हलका चॅनेल येतो. दुसऱ्या मांडणीत खर्जाचा सारा भार एकाच वीजपुरवठ्यावर पडतो.

होम थिएटरच्या अनेक रिसीव्हरांमध्ये न वापरलेले मागील चॅनेल बाय-ॲम्पिंगला देण्याची सोय असते. परंतु सर्व चॅनेलांचा वीजपुरवठा सामाईक असल्याने वेगळ्या पुरवठ्याचा लाभ येथे मिळत नाही.

ॲम्प्लिफायरवरील ‘ए’ आणि ‘बी’ अशा स्पीकर-खुंटांच्या दोन जोड्या म्हणजे दोन ॲम्प्लिफायर नव्हेत. बहुतेक यंत्रांत त्या एकाच चॅनेलला समांतर जोडलेल्या असतात. त्या दोन शाखांना जोडल्यास बाय-वायरिंग होते, बाय-ॲम्पिंग नव्हे. त्याच खुंटांना ८ ओहमचे दोन स्वतंत्र स्पीकर जोडले, तर मात्र भार ४ ओहमचा होतो. तसेच ॲम्प्लिफायरचे दोन चॅनेल ‘ब्रिज’ करून एकच स्पीकर चालवल्यास प्रत्येक चॅनेलला स्पीकरच्या निम्मा संरोध जाणवतो. ८ ओहमचा स्पीकर ४ ओहमसारखा भासतो. बाय-ॲम्पिंगने संरोध निम्मा होतो हा गैरसमज बहुधा या दोन जोडण्यांशी झालेल्या गल्लतीतून येतो.

मुंबईतील संदर्भ

मुंबईत ध्वनियंत्रांचे सुटे भाग, तारा, क्रॉसओव्हर आणि जुने ॲम्प्लिफायर यांची जुनी बाजारपेठ ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, येथे आहे. जुना ॲम्प्लिफायर आणि नवे स्पीकर यांची जुळणी करताना दोहोंवरील ओहमचे आकडे ताडून पाहणे हे बाय-ॲम्पिंगचा विचार करण्यापूर्वीचे पहिले काम होय.

परळ, भोईवाडा, नायगाव, लालबाग या गिरणगावातील वस्त्यांत घरांचा आकार हाही महत्त्वाचा घटक ठरतो. १९२०च्या दशकात उभारलेल्या नायगाव येथील बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची आहे. अशा खोलीत ऐकणारा स्पीकरपासून जेमतेम दोन मीटरवर बसतो. १ वॅटला १ मीटरवर ८७ डेसिबल देणारा साधा स्पीकर तेथे १ वॅटमध्येच ८० डेसिबलहून मोठा आवाज देतो. शक्ती दुप्पट केल्यावर त्यात केवळ ३ डेसिबलची भर पडते. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी क्षेत्रातील ध्वनिपातळीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत अधिक शक्तीसाठी बाय-ॲम्पिंग करण्याचे प्रयोजन त्यामुळे क्वचितच उरते. पुनर्विकासात मिळणाऱ्या ५०० चौरस फुटांच्या सदनिकांनाही हेच गणित बहुतांशी लागू पडते. तेथे दुसऱ्या ॲम्प्लिफायरवर होणारा खर्च अनुरूप संरोधाच्या चांगल्या स्पीकरवर करणे अधिक फलदायी असते.

याच परिसरातील सार्वजनिक उत्सवांत भाराची दोन वेगळी रूपे आढळतात. मोठ्या ध्वनियंत्रणांत खर्ज, मध्य आणि उंच स्वरांचे स्पीकर सक्रिय क्रॉसओव्हरमागे वेगवेगळ्या ॲम्प्लिफायरांनी चालवतात. तेथे ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की भार ४ ओहम आणि चार जोडले की २ ओहम होतो. म्हणून एका चॅनेलवर किती स्पीकर लावायचे याचा हिशेब ठेवावा लागतो.

गल्लीभर लावलेल्या भोंग्यांसाठी अनेकदा १०० व्होल्टची लाइन वापरतात. प्रत्येक भोंग्यातील ट्रान्सफॉर्मरमुळे १० वॅटचा भोंगा लाइनला १००० ओहमसारखा भासतो आणि असे दहा भोंगे समांतर जोडले तरी भार १०० ओहमच होतो. अशा लाइनसाठी बनवलेल्या ॲम्प्लिफायरच्या १०० व्होल्टच्या खुंटांना घरगुती ८ ओहमचा स्पीकर थेट जोडू नये. १०० व्होल्टला त्यातून १२.५ ॲम्पिअर धारा वाहू पाहते, जी ना स्पीकर सोसू शकतो, ना ॲम्प्लिफायर.